दोरी कुठे बांधायची?

मी आर्किटेक्ट. उन्हाळ्यात मला फोन येतात ते "मॅडम, ओटा एल शेपमध्ये घेऊ का?" असे. जुलै लागला की सूर बदलतो. "कपाटामागे काळी बुरशी आलीये, वॉटरप्रूफिंग करून घेऊ का?" जाऊन बघावं तर बऱ्याचदा भिंतीतून पाणी येतच नसतं. बेडरूममध्ये लोखंडी स्टँडवर धुणं, खिडक्या बंद, पंखा पाचवर. मशीनने पिळलेल्या एका धुण्यात दोनेक लिटर पाणी सहज उरतं. ते जाणार कुठे? खोलीतल्या हवेत, आणि तिथून सगळ्यात गार भिंतीवर. म्हणजे बाहेरच्या भिंतीला चिकटवलेल्या कपाटामागे. तिथे केमिकल फासून काही होत नाही. कपाट चार बोटं पुढे ओढा आणि खिडकी उघडा, एवढंच मी सांगते. या सल्ल्याचे पैसे कोणी देत नाही, ते सोडा.

ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत उरकतो. अशा गावात घराच्या प्लॅनची पहिली परीक्षा धुण्याची असायला हवी, असं माझं ठाम मत झालंय. आम्ही आर्किटेक्ट लोक प्लॅनमध्ये डबल बेड दाखवतो, सोफा दाखवतो, कुंडीतलं झाडसुद्धा दाखवतो. दोरी दाखवत नाही. ओली छत्री, बादली, फरशी पुसायचा मॉप, जादाचा सिलिंडर, गावाहून आलेली तांदळाची गोण, यातलं काहीच ड्रॉइंगवर नसतं. घरात मात्र पहिल्या दिवसापासून हे सगळं असतं.

याला फक्त आमचा आळस कारणीभूत नाही. आमच्या धंद्यात सगळ्यात जास्त वाचलं जाणारं पुस्तक म्हणजे यूडीसीपीआर, राज्याची 2020 ची एकत्रित बांधकाम नियमावली. (मीसुद्धा लोकलमध्ये कादंबरी उघडते आणि ऐरोली येईपर्यंत मोबाइलवर तीच पीडीएफ चाळत असते.) पूर्वी ठरावीक प्रमाणात बाल्कनी एफएसआयच्या, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येईल त्या मर्यादेच्या, बाहेर मिळायची. म्हणून बिल्डर ती काढायचे आणि लोक ती बंद करून हॉलमध्ये ओढायचे. आता पी-लाइनच्या, म्हणजे बांधकामाच्या बाहेरच्या रेषेच्या, आतलं जवळजवळ सगळंच मोजलं जातं. त्यामुळे बाल्कनीची स्पर्धा थेट खोलीशी. दुसऱ्या बाजूने रेरा कायद्याच्या कार्पेटमध्ये, म्हणजे घराच्या आतल्या वापराच्या क्षेत्रफळात, आतल्या भिंती धरतात, बाल्कनी धरत नाहीत. गिऱ्हाईक विचारणार "कार्पेट किती?" आणि बाल्कनी त्या आकड्यात दिसणारच नाही. मग ती कोण कशाला मोठी काढेल? उरते ती किचनला चिकटलेली ड्राय बाल्कनी. त्यात वॉशिंग मशीन मावतं, समोर डक्ट, म्हणजे पाइपांसाठी सोडलेली अरुंद उभी पोकळी असते, आणि डक्टात वरच्या मजल्यांच्या एसींची गरम हवा.

नियमांवर मात्र सगळं ढकलता येत नाही. खिडकीवरच्या छज्ज्याचंच घ्या. ठरावीक रुंदीपर्यंतचा छज्जा एफएसआयमध्ये धरत नाहीत, तरीही तो गेला. थ्रीडी व्ह्यूमध्ये तो 'जुना' दिसतो म्हणून गेला. काच आणि एसीपीची (अ‍ॅल्युमिनियमच्या पॅनेलची) सपाट भिंत ब्रोशरवर छान दिसते. पण पश्चिमेचा पाऊस सरळ पडत नाही, वाऱ्याबरोबर आडवा येतो. छज्जा नसेल तर स्लायडिंगचा खालचा ट्रॅक भरतो आणि पाणी कट्ट्यावरून आत येतं. म्हणून खिडकी बंद. खिडकी बंद म्हणून धुणं ओलं, आणि पुढे तीच बुरशी. दोन फुटांच्या छज्ज्याने भर पावसात खिडकी उघडी ठेवता येते, ही गोष्ट आमच्या आजोबांच्या गवंड्याला सांगावी लागली नव्हती.

हे मला कॉलेजात कोणी शिकवलं नाही. थोडं साइटवर कळलं, थोडं वाचनातून. वाचन म्हणजे वास्तुशास्त्राचं नव्हे. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासूनचं आहे. तिथल्या कपाटांत जुन्या बायकांची आत्मचरित्रं मिळतात, ती मला आमच्या मासिकांपेक्षा जास्त उपयोगी वाटतात. पुरुषांनी लिहिलेल्या आठवणींत घर म्हणजे ओसरी आणि तिथे बसलेली माणसं. बायकांच्या लिखाणात मागचं दार असतं, विहिरीची वाट असते, माजघरात आढ्याजवळची वलणी, म्हणजे कपडे वाळत घालायची आडवी काठी, आणि तिच्यावर काठीने टाकलेलं सोवळं असतं. सोवळं गेलं ते बरंच झालं, त्याच्यापायी बायकांना काय काय सोसावं लागलं तेही त्याच पुस्तकांत आहे. पण गरम हवा वर जाते, म्हणून डोक्यावरचं धुणं लवकर वाळतं, इतका साधा हिशोब त्या वलणीत होता. हल्ली पुलीवर वर ओढायचे रॉड मिळतात, तो तोच हिशोब. फक्त ते लावायला जागा आणि वर हूक ठेवायला हवा. फॉल्स सीलिंग झाल्यावर आठवून उपयोग नाही.

बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज चार्ल्स कोरियांनी 1980 च्या दशकात सिडकोसाठी आखलं. तिथे विद्यार्थी कॅमेरे घेऊन येतात आणि मूळ घरं पाडून लोकांनी मजले चढवलेत म्हणून हळहळतात. मला ती हळहळ पटत नाही. सात घरं एका चौकाभोवती, कुणाची भिंत कुणाला सामाईक नाही, म्हणजे ज्याला वाढवायचं त्याने वाढवावं, हे मुळात आखणीतच होतं. उतरती छपरं बऱ्याच ठिकाणी गेली, पण चौक राहिले. आणि त्या चौकांच्या कडेने, घरांच्या अंगणांत अजून दोऱ्या आहेत. मला विचाराल तर फोटो त्या दोऱ्यांचे काढायला हवेत.

मध्यंतरी नौपाड्यातल्या एका सोसायटीच्या पुनर्विकासाची मीटिंग होती. तास-दीड तास कार्पेट, कॉर्पस (बिल्डरने द्यायची एकरकमी रक्कम), भाडं आणि पार्किंग यांवर गेला. शेवटी मागच्या खुर्चीवरच्या एक आजी उठल्या. "अगं, सतराव्या मजल्यावर मी गोधडी कुठे वाळत घालू?" सगळे हसले. बिल्डरचा माणूस नम्रपणे म्हणाला, "आजी, ड्रायर घ्या ना." आजींनी त्याच्याकडे बघितलं आणि विचारलं, "बिल तू भरशील?" त्यावर मात्र कोणी हसलं नाही.

तुमच्या इमारतीत अशा मीटिंगा सुरू असतील तर कार्पेटवर भांडाच, तो तुमचा हक्क आहे. पण टेंडरच्या कागदात आणखी तीन गोष्टी लिहून घ्या. प्रत्येक खिडकीवर छज्जा. धुण्याची जागा डक्टात नव्हे, बाहेरच्या हवेवर. आणि वर रॉडसाठी स्लॅबमध्ये पक्के हूक. बिल्डर "एलिव्हेशन बिघडतं", म्हणजे इमारतीचं बाहेरचं रूप बिघडतं, असं म्हणेल. आर्किटेक्टही म्हणेल, आमच्यातले बरेच जण म्हणतात. त्याला सरळ विचारा, तुमच्या घरी कपडे कुठे वाळतात?