निर्लेखनाच्या प्रतीक्षेत

डिजिटल सहीचा सातबारा हल्ली 15 रुपयांत मोबाइलवर मिळतो. त्यामुळे कचेरीची पायरी पुन्हा चढायची नाही, अशा गोड समजुतीत मी होतो. पण वाटणीचा विषय निघाला आणि चुलतभावाला 1958 चा फेरफार आठवला. तो मोबाइलवर सापडेना. तो होता तिसऱ्या मजल्यावर, अभिलेख कक्षात.

इमारत बाहेरून पिवळी आहे. आतून कमरेपर्यंत कोणे एके काळचा हिरवा ऑइलपेंट, त्यावर पोपडे आलेला चुना, आणि जिन्याच्या कोपऱ्यांत लोकसहभाग. तो आवरायला कुणीतरी देवांच्या टाइल्स बसवल्यात. गणपती, साईबाबा, क्रूस आणि काबा, सगळे एका रांगेत. लोक श्रद्धाळू आहेत. टाइल संपते तिथून बरोब्बर दोन बोटं वर पिचकारी सुरू होते, देवावर एक थेंब नाही. मला अर्जातल्या चौकटीत सही बसवता येत नाही.

लिफ्टच्या दारावर कागद आहे. त्यावरची शाई केव्हाच उडाली. नुसता कोरा कागद, पण निरोप सगळ्यांना पोचतो.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मोडक्या खुर्च्यांचा ढीग. अंग चोरून जावं लागतं, आणि माझं अंग आता चोरण्याजोगं राहिलेलं नाही. प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर पांढऱ्या रंगात नंबर.

"मामा, हे भंगारात का देत नाही?" मी शिपाईमामांना विचारलं.

"निर्लेखन व्हायला पाहिजे ना, काका." (मामा माझ्याहून आठ-दहा वर्षांनी तरी मोठे असावेत. असो.)

जडवस्तू संग्रह नोंदवहीत, म्हणजे कचेरीच्या सामानाच्या वहीत, एकदा नाव चढलं की निर्लेखनाच्या, म्हणजे ते नाव खोडण्याच्या, वरच्या मंजुरीशिवाय मरता येत नाही. तोवर तीन पायांची खुर्ची कागदोपत्री चार पायांवरच उभी असते.

अभिलेख कक्षात छत गळत होतं. खाली बादली, बादलीवर नंबर. बादलीला भोक, म्हणून तिच्याखाली घमेलं. घमेलं मात्र बिननंबरी.

"ते माझ्या घरचं आहे," मामा जरा ओशाळून म्हणाले.

लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे थेट छताला भिडलेले. मी हौसेने एकाला हात लावला. "मधला ओढू नका!" मामा ओरडले. "मागच्या खेपेला वरून गिलावा आला." म्हणजे छत नेमकं कशावर उभं आहे, हे बांधकाम खात्यापेक्षा मामांना जास्त ठाऊक होतं.

मामा शिडीच्या घोड्यावर चढले. "बसा तोवर."

खोलीत खुर्ची एकच. भिंतीला टेकून, फार शहाण्यासारखी उभी. मी बसलो. पुढच्या क्षणी मी शहाबादी फरशीवर होतो आणि खुर्चीचा मागचा पाय माझ्या मांडीवर.

मामा तरातरा खाली उतरले. मी हात पुढे केला. त्यांनी खुर्ची उचलली, उलटी केली, शर्टाच्या बाहीने पाठीवरची धूळ पुसली.

"नंबर शाबूत आहे," ते सुस्कारा सोडत म्हणाले.

मग तो पाय त्यांनी जागच्या जागी अलगद टेकवला, खुर्ची पुन्हा भिंतीला लावली, आणि दारातून डोकावणाऱ्या एका आजोबांना म्हणाले, "या, बसा ना."