पोटली हुंगून लडाख सोसत नाही

लडाखच्या सहलींचा हंगाम आला की एक मेसेज हमखास फिरतो: कापूर, ओवा, लवंग आणि निलगिरीची पोटली हुंगा, ऑक्सिजन वाढतो, व्यायाम करणाऱ्याला उंचीचा त्रास होत नाही, दोन दिवसांत रक्त वाढतं, डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) नको, त्याने लक्षणं दबतात. यातला पोटलीचा भाग 2021 च्या कोविड लाटेतही फिरला होता, 'लडाखमध्ये पर्यटकांना हीच देतात' या पुस्तीसह.

'पोटलीने ऑक्सिजन वाढतो.' कापूर-निलगिरीने नाकात गार वाटतं, श्वास मोकळा झाल्याचा भास होतो, एवढंच. लेह सुमारे 3,500 मीटरवर आहे. तिथल्या हवेतही ऑक्सिजन मुंबईइतकाच, 21 टक्के. कमी असतो तो हवेचा दाब, मुंबईच्या जेमतेम दोन-तृतीयांश. नाक मोकळं करून दाब वाढत नाही. शिवाय लहान मुलाने कापूर गिळला तर त्याला झटके येऊ शकतात.

'व्यायाम करणाऱ्याला त्रास नाही.' उलट दमदार माणूस पहिल्याच दिवशी जास्त चढतो आणि आडवा होतो.

'दोन दिवसांत रक्त वाढतं.' आधी बदलतो तो श्वास. मानेतल्या धमनीजवळचे संवेदक काही मिनिटांत तो खोल करतात. पण त्यामुळे कार्बन डायऑक्साइड बाहेर पडून रक्त अल्कधर्मी होतं आणि मेंदू श्वासाला लगाम घालतो. रात्री श्वास काही सेकंद थांबून दचकून जाग येते ती यामुळेच. मूत्रपिंडं बायकार्बोनेट बाहेर टाकू लागली की दोन ते चार दिवसांत हा लगाम सैल होतो. तेव्हा हिमोग्लोबिनचा आकडा वाढलेला दिसतो, पण तो रक्तातलं पाणी घटल्यामुळे. नव्या तांबड्या पेशी पुरेशा वाढायला काही आठवडे लागतात, तोवर सहल संपलेली असते. आणि दाट रक्त म्हणजे वरदान, असंही नाही: पिढ्यान्‌पिढ्या उंचावर राहिलेल्या तिबेटी लोकांत ईपीएएस1 जनुकाचं जे रूप आढळतं, ते हिमोग्लोबिन फार वाढू देत नाही.

'डायमॉक्सने लक्षणं दबतात.' हे औषध मूत्रपिंडांचं तेच काम लवकर करवतं. मोठ्यांसाठी नेहमीचा प्रतिबंधक डोस 125 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते. सल्फाची ॲलर्जी किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. लक्षणं झाकतं ते डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड.

मेसेजमध्ये एक गोष्ट नाहीच: रात्री कुठे झोपता. 3,000 मीटरच्या वर झोपायची उंची रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. विमानाने थेट लेहला उतरलात तर दोन रात्री तिथेच. मग नुब्रा खोऱ्यातलं हुंडर, कारण वाटेत 5,359 मीटरची 'खारदुंग ला' ही खिंड ओलांडली तरी झोपायला ते लेहपेक्षा खाली आहे. सुमारे 4,250 मीटरवरचं पँगाँग शेवटी, आणि शक्यतो मुक्काम न करता. तिथे कुणाला बसल्या जागी धाप लागली किंवा एका पावलाच्या बोटांना दुसऱ्याची टाच लावून सरळ रेषेत चालता येईना, तर सकाळची वाट न बघता खाली न्यायला हवं. पण लेहला परतायचं तर आधी 5,300 मीटरहून उंच 'चांग ला' खिंड चढावी लागते. म्हणून गाडीत रेग्युलेटरसह खरा सिलिंडर हवा. स्प्रेच्या डब्यात 10 लिटर ऑक्सिजन असला तरी मिनिटाला 2 लिटरने तो 5 मिनिटांत संपतो.