१९३०ची जर्सी विकत घेण्यापूर्वी

फुटबॉलचे जाणकार व्हायचं तुम्ही मनावर घेतलंत, हे उत्तम झालं. फक्त आजच्या फुटबॉलच्या नादी लागू नका. त्यासाठी रात्री दीड वाजता उठावं लागतं, ऑफसाइड समजून घ्यावं लागतं, आणि एवढं करून शेजारचा नववीतला पोरगा चारचौघांत तुमची विकेट काढतो ती काढतोच. शहाण्याने सरळ १९३० सालात जाऊन बसावं. उरुग्वेतल्या त्या पहिल्या विश्वचषकाला तेरा संघ होते, पात्रता फेरी नव्हती, टीव्ही नव्हता, आणि चित्रण जे काही आहे ते तुकड्यातुकड्यांत. तुम्ही काहीही बोललात तरी खोडून काढायला साक्षीदार नाही. अंतिम सामना खेळलेल्यांपैकी शेवटचा माणूस, अर्जेंटिनाचा फ्रान्सिस्को वराल्यो, शंभरी गाठून २०१० साली गेला. मैदान मोकळं आहे.

पहिला धडा नावांचा. पेले हे नाव आपण होऊन काढायचं नाही. दुसऱ्या कोणी काढलं तर "हो, पण तो जरा अलीकडचा" एवढंच म्हणून चहाचा घोट घ्यायचा. मग सावकाश स्ताबिले काढायचा. अर्जेंटिनाचा गियेर्मो स्ताबिले, त्या स्पर्धेत आठ गोल. त्याला संघात जागा मिळाली कारण कर्णधार मानुएल फेरेरा कायद्याची परीक्षा द्यायला घरी गेला होता. विश्वचषक चालू असताना पेपर द्यायला जाणारा कर्णधार! ही गोष्ट मुलांसमोर सांगताना इथेच थांबावं. त्याच्या जागी आलेल्याने पहिल्याच सामन्यात तीन गोल मारून नाव कमावलं, हा उत्तरार्ध मुलांच्या कानावर न गेलेला बरा.

त्या तीन गोलांना पुढे कित्येक वर्षं विश्वचषकातली पहिली हॅट-ट्रिक म्हणत. २००६ साली फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेने कागदपत्रं पाहून जाहीर केलं की स्ताबिलेच्या दोन दिवस आधीच, १७ जुलैला, अमेरिकेच्या बर्ट पॅटनॉडने पॅराग्वेविरुद्ध हॅट-ट्रिक केली होती. पॅटनॉड १९७४ सालीच वारलेला असल्यामुळे त्याची काही हरकत आली नाही. जुन्या खेळाडूंचा हा मोठा गुण आहे. सन्मान उशिरा आला म्हणून ते कुरकुरत नाहीत आणि मानधनही मागत नाहीत.

आता खरेदीकडे वळू. १९३०च्या जर्सीवर पाठीला क्रमांक नसे, नाव नसे, जाहिरात नसे. म्हणजे कुठलाही जुना जाड सदरा योग्य रंगाचा असला की तो विश्वचषकाचा असू शकतो, ही केवढी सोय! कसर लागलेली असेल तर किंमत वाढते. डाग असेल तर तो घामाचा आहे असं विक्रेता म्हणेल. तो कोणाच्या घामाचा, हे विचारणं असभ्य समजतात. एक्तोर कास्त्रोची जर्सी म्हणून काही पुढे आलं तर उजवी बाही जरूर पाहा. उरुग्वेच्या या खेळाडूचा उजवा हात तेराव्या वर्षी विजेच्या करवतीत कोपराखाली गेला होता, आणि तरीही अंतिम सामन्यातला शेवटचा गोल त्याचाच. विक्रेता बाहीवरची घडी दाखवील. तशी घडी आपल्या कोपऱ्यावरचा इस्त्रीवालाही पाडून देतो, पण तो प्रमाणपत्र देत नाही.

प्रमाणपत्राचं मनावर घ्या. वस्तू एकवेळ नसली तरी चालेल.

विश्वचषकाच्या इतिहासातला पहिला गोल फ्रान्सच्या ल्युसियाँ लोराँचा. १३ जुलै १९३०, मेक्सिकोविरुद्ध, एकोणिसाव्या मिनिटाला. लोराँ प्यूजो मोटारींच्या कारखान्यात कामाला होता. बोटीने दोन आठवडे प्रवास करून तो मॉन्टेव्हिडिओला पोहोचला होता. गोल झाल्यावर सहकाऱ्यांनी हात मिळवले आणि खेळ पुढे चालू झाला, कारण आपण इतिहास घडवतोय हे त्यांना कोणी कळवलं नव्हतं. ते पोसितोस मैदान आता नाही. तिथे रस्ते आणि घरं आहेत, आणि चेंडू जिथून जाळ्यात गेला ती जागा नंतर शोधून काढून खूण केलेली आहे. आणि जर्सी? दुसऱ्या महायुद्धात लोराँ जर्मनांच्या हाती सापडला, तीन वर्षं युद्धकैदी होता, आणि सुटून आला तेव्हा ठेवायला दिलेलं सगळं सामान चोरीला गेलेलं. त्यात १९३०ची जर्सीही गेली. चांगल्या संग्राहकाने ही हकिकत ऐकल्यावर डोळे पुसू नयेत. 'म्हणजे ती अजून कुठेतरी असेल', हा विचार ज्याच्या मनात पहिल्यांदा येतो त्याला या क्षेत्रात भवितव्य आहे.

चेंडू घेणार असाल तर जपून. ३० जुलैच्या अंतिम सामन्याआधी अर्जेंटिना आणि उरुग्वे यांच्यात चेंडू कोणाचा यावरून भांडण लागलं. दोघांनीही आपापला आणला होता. तोडगा निघाला तो असा की पहिला अर्धा सामना अर्जेंटिनाच्या चेंडूने आणि दुसरा उरुग्वेच्या. मध्यंतराला अर्जेंटिना २-१ पुढे. उरुग्वेचा चेंडू आला आणि सामना ४-२ असा उरुग्वेने जिंकला. ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग हा आपल्या गल्लीतला कायदा, आणि इथे तो जागतिक अजिंक्यपदाला लागू झाला. पंच होते बेल्जियमचे जाँ लांजेनुस, गुडघ्यापर्यंतची ढगळ विजार, कोट आणि टाय अशा थाटात. शिट्टी फुंकण्याआधी त्यांनी आपल्या सुरक्षिततेची हमी मागितली होती. शिट्टी फुंकल्यावर बंदर गाठायची सोयही पाहून ठेवली होती. माझ्या मते त्या दिवशी मैदानावर परिस्थितीची खरी समज असलेला माणूस तो एकटाच.

मँचेस्टरच्या फुटबॉल संग्रहालयाने हे दोन्ही चेंडू लोकांना दाखवलेले आहेत. त्याने निराश होऊ नका. "हा मध्यंतरात वापरलेला तिसरा चेंडू" असं म्हणणारा कोणीतरी तुम्हाला भेटेलच. अर्ध्या-अर्ध्याचा हा घोळ पुढेही संपला नाही. मॅराडोनाची १९८६ची इंग्लंडविरुद्धची जर्सी २०२२ साली ७१ लाख पौंडांना गेली, तेव्हा त्याच्या मुलीने सांगितलं की ही पहिल्या अर्ध्यातली, गोल मारताना घातलेली नव्हेच. लिलाव करणाऱ्यांनी ते मानलं नाही. एरवी मॅराडोनाचं नाव काढायचं नाही, पण भाव सांगायचा असेल तर चालतं.

आणि आता करंडक. इथे जरा बैठक मारून बसा, कारण मौल्यवान वस्तू कशी सांभाळावी याचं संपूर्ण शिक्षण याच्यात आहे.

आबेल लाफ्लर या फ्रेंच शिल्पकाराने घडवलेली पंखवाली विजयदेवता, उंची ३५ सेंटिमीटर, चांदीची, वर सोन्याचा मुलामा. पुढे तिला फिफाचे तेव्हाचे अध्यक्ष ज्यूल रिमे यांचं नाव दिलं, ज्यांनी ती १९३० साली स्वतः बोटीतून उरुग्वेला नेली होती. १९३८ साली इटली जिंकली, लगेच युद्ध आलं. इटलीच्या फुटबॉल महासंघाचे ओत्तोरिनो बारासी यांनी करंडक बँकेतून काढला, बुटांच्या खोक्यात घातला आणि खोकं पलंगाखाली सरकवलं. युद्ध संपलं, करंडक सुखरूप. त्याला पुढच्या साऱ्या आयुष्यात एवढी कडक सुरक्षा पुन्हा मिळाली नाही.

१९६६ साली तो लंडनला टपाल तिकिटांच्या प्रदर्शनात मांडला. पहारेकरी होते, काचपेटी होती, कुलूपही होतं. रविवारी दुपारी तो गेला. शेजारची तीस लाख पौंडांची तिकिटं चोराने जागच्या जागी ठेवली. सबंध इंग्लंडचे पोलीस कामाला लागले आणि आठवड्याने दक्षिण लंडनमध्ये पिकल्स नावाच्या कुत्र्याने तो कुंपणाच्या झुडपापाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला हुंगून काढला. मालकाला मिळालेलं बक्षीस विश्वविजेत्या इंग्लंडच्या एकेका खेळाडूला मिळालेल्या हजार पौंडांच्या बोनसपेक्षा मोठं होतं. पिकल्स दुसऱ्या वर्षी गेला. त्याचा गळपट्टा मँचेस्टरच्या संग्रहालयात आहे. लोराँच्या जर्सीच्या नशिबी नव्हतं ते गळपट्ट्याच्या नशिबी होतं, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

मधल्या काळात इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने एका सोनाराकडून गुपचूप नक्कल करून घेतली आणि पुढली चार वर्षं ठिकठिकाणी तीच मिरवली. तो सोनार गेल्यावर १९९७ साली ती नक्कल लिलावात आली. अंदाज वीस-तीस हजार पौंडांचा. पण कोणीतरी कुजबुजलं की अस्सल करंडक हाच, मिरवला जातो तो खोटा. झालं, बोली चढत गेली, आणि २,५४,५०० पौंडांना ती विकत घेतली साक्षात फिफाने. मग तपासणी झाली. नक्कलच निघाली. तुम्ही कधी फसलात तर हा आकडा तोंडपाठ असू द्या, बायकोसमोर उपयोगी पडतो.

तीन वेळा जिंकल्यामुळे १९७० साली अस्सल करंडक ब्राझीलला कायमचा मिळाला. तो ब्राझीलच्या फुटबॉल महासंघाच्या रिओतल्या कचेरीत ठेवला. पेटीला पुढून बंदुकीची गोळी न शिरणारी काच होती, मागून लाकूड. १९ डिसेंबर १९८३च्या रात्री चोर मागून आले. आपल्याकडच्या कुठल्याही संस्थेच्या कार्यवाहांना ही रचना ओळखीची वाटेल. दर्शनी भाग अहवालातल्या छायाचित्रासाठी असतो, मागचा भाग सुताराच्या कमी दराच्या निविदेप्रमाणे. करंडक परत मिळाला नाही. वितळवून सोनं केलं अशी बातमी फिरली. वितळवणाऱ्याच्या हाती सोनं किती लागलं असेल याची कल्पना करा, मूर्ती चांदीची होती! ब्राझीलने मग नवी प्रतिकृती करून घेतली, १.८ किलो सोन्याची. म्हणजे आता तिथे जी खोटी आहे ती खऱ्यापेक्षा खरी आहे. आणि मूळ करंडकाची १९५४ साली बदललेली जुनी निळ्या दगडाची बैठक? ती २०१५ साली झ्यूरिकला फिफाच्या स्वतःच्याच तळघरात सापडली. तुमच्या माळ्यावरही एकदा चढून या.

स्वदेशी संग्रह हवा असेल तर १९५० सालाकडे वळा. ब्राझीलच्या त्या विश्वचषकाला भारताची निवड झाली होती. इतर आशियाई संघांनी माघार घेतल्यामुळे, पण झाली होती. गटात स्वीडन, इटली, पॅराग्वे. भारत गेला नाही. का गेला नाही हे कोणालाही विचारा, उत्तर एकच येईल: अनवाणी खेळू देईनात म्हणून. हीच गोष्ट सांगत राहा. ती सोपी आहे, आणि तिच्यात आपली बाणेदार वृत्ती दिसते. दोन वर्षं आधी लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बरेच खेळाडू पायाला पट्ट्या बांधून खरोखरच बिनबुटांचे खेळले होते, फ्रान्सशी २-१ असे हरले आणि दोन पेनल्टी फुकट घालवल्या, त्यामुळे ऐकणाऱ्याला पटतंही पटकन. कर्णधार शैलेन मन्ना यांनी पुढे सांगितलं होतं की तेव्हा आमच्यासाठी ऑलिंपिक हेच सर्वस्व, विश्वचषक म्हणजे काय हे आम्हाला नीटसं माहीतच नव्हतं. हे असलं बैठकीत सांगू नका, रंगाचा बेरंग होतो.

बाजारात मात्र ही गोष्ट फार फायद्याची आहे. कारण न गेलेल्या संघाने न घातलेल्या बुटांची जोडी हा एकच असा ऐतिहासिक ऐवज आहे की जो कुठल्याही चपलांच्या दुकानात मिळतो आणि ज्याला कोणी बनावट ठरवू शकत नाही.

शेवटची वस्तू लाकडाची. त्याच १९५०च्या निर्णायक सामन्यात रिओच्या माराकाना मैदानावर उरुग्वेच्या गिग्जाने गोल केला आणि ब्राझील २-१ हरलं. गोलरक्षक बार्बोसाला त्याच्या देशाने मरेपर्यंत माफ केलं नाही, आणि तो २००० सालापर्यंत जगला. पुढे मैदानावरचे लाकडी गोलखांब बदलले तेव्हा जुने त्यालाच भेट दिले, असं सांगतात. प्रमाणपत्रासकट, मूळ जागेवरचा, साक्षात त्या गोलाचा साक्षीदार ऐवज. लिलावात त्याचं काय झालं असतं ते तुम्हाला मी सांगायला नको. बार्बोसाने, म्हणे, मित्रांना जेवायला बोलावलं, खांब फोडून चुलीत घातले आणि त्यावर मांस भाजलं. कोणाला न विचारता.

राख कुठे मिळते का, चौकशी करून ठेवा.