'एक सर्जन' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर (लांबलंय, इलाज नाही)

डॉक्टर, नमस्कार. तुम्ही नावाच्या जागी फक्त 'एक सर्जन' लिहिलंय म्हणून डॉक्टरच म्हणतो. तुमची प्रतिक्रिया वाचल्या वाचल्या उत्तर टाकलं असतं तर ते छापण्यासारखं झालं नसतं, म्हणून जरा थांबलो. आत्ताही डोकं फार शांत झालंय असं नाही.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मी स्वादुपिंड आणि लिव्हरच्या कॅन्सरबद्दल लिहिलं होतं, की केमोचं औषध गाठीत नीट शिरत नाही आणि अल्ट्रासाउंड वापरून ते जास्त आत घालता येतं का यावर नॉर्वेत बर्गनला (स्वादुपिंडावर) आणि इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला (लिव्हरवर) काय काम झालं. त्यावर डॉक्टरांचं म्हणणं: बर्गनच्या १० पेशंटवरून 'आयुष्य दुप्पट' असं शीर्षक देणं बेजबाबदार आहे, तुलना जुन्या फायलींशी केली, त्यातले पेशंट मुळातच धडधाकट असणार, थर्मोडॉक्स (ऑक्सफर्डला वापरलेलं, उष्णतेने उघडणाऱ्या कणांत भरलेलं केमोचं औषध) मोठ्या चाचणीत आपटलं ते मी लपवलं. आणि शेवटी हे वाक्य, जसंच्या तसं: "अल्ट्रासाउंड म्हणजे फिजिओथेरपीवाल्याकडचा शेक, त्याने कॅन्सरचं औषध आत जातं हे मशीन विकणाऱ्यांनी आम्हाला शिकवू नये."

मशीन विकणाऱ्यांनी!

अहो, मी आयुष्यात एक मशीन विकलेलं नाही. मी सोनोग्राफी मशीनचा सर्व्हिस इंजिनिअर होतो, मशीन बंद पडल्यावर ज्याला रात्री फोन येतो तो माणूस. जालना, बीड, परभणी, लातूर, सगळीकडे बॅग घेऊन एसटीने हिंडलोय. प्रोब (अंगावर टेकवतात तो भाग) खाली पडून आतले क्रिस्टल गेले की स्क्रीनवर उभ्या काळ्या पट्ट्या येतात, आणि तुमच्यासारखेच डॉक्टर कंबरेवर हात ठेवून विचारतात "सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम आहे ना?" त्यांना मी कधी 'कापाकापी करणाऱ्यांनी आम्हाला शिकवू नये' असं म्हटलं नाही. पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान बंदी) कायद्यात मशीन सील झालं की पंचनाम्याच्या वेळी ताटकळत उभं राहायचं, तेही केलंय. तेव्हा प्रोबमधून काय बाहेर पडतं आणि काय नाही, याबद्दल दोन शब्द बोलायचा अधिकार मला आहे असं मी समजतो. तुम्ही नका समजू.

आता शेकाबद्दल. फिजिओकडची अल्ट्रासाउंड मशीनसुद्धा मी उघडलीत. ती १ किंवा ३ मेगाहर्ट्झवर चालतात, लाट बराच वेळ सलग सोडतात, जेल लावून हेड गोल गोल फिरवायचं, ऊतक तापतं, खांद्याला बरं वाटतं. तो शेक, मान्य. सोनोग्राफीचं मशीन मात्र अगदी छोटे छोटे पल्स सोडतं आणि मधला बहुतेक वेळ गप्प बसून परत येणारा आवाज ऐकतं, त्यामुळे सरासरी ऊर्जा फार कमी, तापण्याचा प्रश्न जवळजवळ नाहीच. बर्गनच्या हाउकेलँड हॉस्पिटलमध्ये वापरलेलं मशीन जीईचं लॉजिक ९ होतं. सोनोग्राफीचंच, सेटिंग बदललेलं. म्हणजे तिथे शेक नव्हताच, डॉक्टर. मग काय होतं?

बुडबुडे. तेच तुम्ही वगळलेत, लेखातला अर्धा भाग त्यावर असून. सोनोव्ह्यू नावाचं कॉन्ट्रास्ट (सोनोग्राफीत चित्र ठळक दिसावं म्हणून नसेतून देतात ते) येतं, कुपीत पांढरी पावडर, त्यात सलाइन घालून जोरात हलवलं की दुधासारखं दिसतं. ते दूध म्हणजे सल्फर हेक्साफ्लोराइड गॅसचे बुडबुडे, सरासरी अडीच मायक्रॉनचे, वरून चरबीचं पातळ कवच. (हाच गॅस आपल्या वीज मंडळाच्या सबस्टेशनात ब्रेकरमध्ये असतो, हे सांगितलं की लोक दचकतात, पण बुडबुड्यांतला गॅस एवढा थोडा असतो की काही मिनिटांत श्वासावाटे निघून जातो.) तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉनची, म्हणजे बुडबुडा केशवाहिनीतून आरामात जातो, पण भिंतीतून बाहेर पडत नाही. त्याच्यावर लाट आली की तो दाबला जातो, फुगतो, परत दाबला जातो, सेकंदाला लाखो वेळा. भिंतीला चिकटून हे चाललं की भिंत ढकलली जाते, ओढली जाते, बुडबुड्याभोवती द्रवाचे छोटे भोवरे होतात, आणि भिंतीच्या पेशींमधल्या फटी थोडा वेळ सैल होतात. लाटेचा दाब फार वाढवला तर बुडबुडा कोसळून फुटतो आणि इजा करतो, म्हणून बर्गनवाल्यांनी दाब कमीच ठेवला. जेमसिटाबिन या केमोच्या औषधाची ड्रिप संपत आली, रक्तात औषध भरपूर आहे, तेव्हा बुडबुडे थोडे थोडे सोडत साधारण अर्धा तास प्रोब गाठीवर धरायचा. एवढंच.

आणि हे कशासाठी करायचं? तुम्ही म्हणता "औषध नसेतून दिलं की रक्त सगळीकडे जातंच". स्वादुपिंडाच्या गाठीत नाही जात हो, किंवा नीट जात नाही. त्या गाठीत कॅन्सरच्या पेशींपेक्षा तंतूंचा राडाच जास्त, आतला दाब वाढलेला, रक्तवाहिन्या चेपलेल्या. आमच्याकडच्या चोपण जमिनीसारखं, पाणी वर उभं राहतं, मुरत नाही. आणि औषध भरलेल्या अतिसूक्ष्म कणांचं, नॅनोकणांचं म्हणाल तर टोरांटोच्या गटाने २०१६ मध्ये दहा वर्षांचे प्राण्यांवरचे अभ्यास एकत्र मांडले, त्यात टोचलेल्या डोसपैकी गाठीत पोचणारा वाटा मध्यक (मेडियन) ०.७ टक्के निघाला. एक टक्कासुद्धा नाही! औषध पोचणं हा प्रश्नच नाही असं कसं म्हणता?

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. माझ्या थोरल्या काकूंना हाच आजार होता. डे-केअरमध्ये जेमसिटाबिनची ड्रिप लावली की काका खुर्ची ओढून बाटलीकडे बघत बसायचे, थेंब मोजायचे, मध्येच नर्सला बोलवायचे की "हळू झालंय". केमोच्या सायकल (फेऱ्या) पूर्ण झाल्या, सीटीत गाठ तेवढीच. ऑन्कॉलॉजिस्ट आम्हाला कॉरिडॉरमध्ये म्हणाले, औषध चांगलंय, पण ते आत शिरायला हवं ना. त्या दिवसापासून मी हा विषय वाचतोय. तुम्ही म्हणाल एका काकूवरून विज्ञान होत नाही. म्हणा. पण मला 'शेक' शब्द टोचला तो म्हणून.

हां, ऑक्सफर्डला उष्णता होती, आणि मुद्दाम होती. तिथे चर्चिल हॉस्पिटलमध्ये लिव्हरच्या गाठी असलेल्या १० जणांना डॉक्सोरुबिसिन हे केमोचं औषध भरलेले लायपोसोम (चरबीचे सूक्ष्म कण), म्हणजेच थर्मोडॉक्स, दिले, हे कण साधारण ३९.५ अंशांच्या वर उघडतात, आणि शरीराबाहेरून केंद्रित अल्ट्रासाउंडने गाठ तेवढीच ऊबदार केली. गाठीतलं औषध सरासरी ३.७ पट वाढलं, २०१८ मध्ये लॅन्सेट ऑन्कॉलॉजी या नियतकालिकात आलंय. तर हा शेक आहे, पण हजारो लोकांच्या खांद्यावर फिरवलेला नाही, भूल देऊन लिव्हरमधल्या ठरावीक जागी नेमका मारलेला आहे. दोन्ही प्रयोगांना एका ओळीत 'फिजिओ' म्हणून उडवायचं आणि वर मला बेजबाबदार म्हणायचं, हे कुठलं?

बाकीचे मुद्दे पटकन. थर्मोडॉक्स ज्या ७०१ जणांच्या चाचणीत २०१३ मध्ये नापास झालं तिथे रेडिओफ्रिक्वेन्सीने गाठ जाळत होते, अल्ट्रासाउंडचा संबंधच नव्हता, विषय संपला. बर्गनचे पेशंट १० होते हे मी लेखात स्पष्ट लिहिलंय, वाचायचं सोडून मोजणी केलीत. नुसती केमो घेतलेल्या जुन्या ६३ पेशंटांशी तुलना, जगण्याचा काळ ८.९ महिन्यांवरून १७.६, हेही लिहिलंय, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात. रँडमाइज (चिठ्ठ्या टाकून दोन गट) नव्हतं, माहितीये, फेज १ म्हणजे पहिल्या टप्प्याच्या चाचणीत कोण करतं? धडधाकट पेशंट निवडले असा तुमचा संशय आहे. मी एवढंच सांगतो की या १० जणांना सरासरी १३.८ सायकल झेपल्या, जुन्यांना ८.३. आता यावर तुम्ही म्हणाल "बघा, म्हणूनच तर जास्त जगले". प्रत्येक चांगल्या आकड्याला तुमच्याकडे एक वाकडं कारण तयार असतं, मग बोलायचं कसं?

एक गोष्ट मात्र मानतो. शीर्षकात 'दुप्पट' होतं, गणित केलं तर १.९८ पट येतं. 'जवळजवळ दुप्पट' केलंय. समाधान झालं असावं.

लंडनच्या रॉयल मार्सडेनमध्ये बुडबुड्याला तेलकट थेंब जोडून मोठा बुडबुडा करायची जी पद्धत तपासली गेली, ओस्लोच्या कंपनीची, तिच्यावर लिहिणार आहे. तेव्हा या, स्वागत आहे, फक्त आधी लेख वाचून या.

आणि खाली एका ताईंनी विचारलंय की हे पुण्या-मुंबईत कुठे मिळेल, आईची केमो महिनाभर पुढे ढकलावी का. ताई, अजिबात नका. हा उपचार म्हणून रूढ झालेला नाही, चाचण्यांतलाच आहे. जी केमो चालू आहे ती चालू ठेवा आणि त्यांच्या ऑन्कॉलॉजिस्टना विचारल्याशिवाय काही बदलू नका. डॉक्टर, निदान यावर तरी तुमची हरकत नसावी.