टॉवेल कारखान्यातला मुका व्हिडिओ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार साहेब,

आधी तातडीचं. प्रतिक्रियेत तुम्ही कॅमेऱ्याचा आख्खा आरटीएसपी पत्ता (ज्यावरून कॅमेरा नेटवर्कवरून थेट बघता येतो तो) टाकला होता, युजरनेम-पासवर्डसकट. तेवढा भाग मी काढून टाकलाय, पण पासवर्ड आजच बदला.

आता तुमचं म्हणणं. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या तुमच्या टॉवेल कारखान्यात माझ्या लेखाप्रमाणे व्हीएलसीवर, म्हणजे व्हिडिओ बघायच्या फुकटच्या सॉफ्टवेअरवर, कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग केलंत. एमपी४ फाइल झाली, चित्र स्वच्छ आलं, आवाज मात्र अजिबात नाही. म्हणून तुम्ही लिहिलंत, की फुकटच्या सॉफ्टवेअरचं हे असंच, त्यापेक्षा डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा, बसवलेला बरा. आणि मागांच्या खडखडाटात आवाज हवाय तरी कशाला?

व्हीएलसीला दोष देणं मला पटत नाही. आवाज कुठं अडला ते लगेच कळतं. व्हीएलसीत कॅमेरा चालू ठेवून कंट्रोल आणि जे दाबा. जी खिडकी उघडेल तिच्यात व्हिडिओच्या खाली ऑडिओची स्ट्रीम, म्हणजे आवाजाचा प्रवाह, दिसते का बघा. दिसतच नसेल, तर कॅमेराच आवाज पाठवत नाहीये. ब्राउझरमधून कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जा आणि ऑडिओ चालू करा. बऱ्याच कॅमेऱ्यांत तो आधीपासून बंद असतो, आणि मेन स्ट्रीम (मोठं, स्वच्छ चित्र), सब स्ट्रीम (लहान, हलकं चित्र) दोन्हींचं सेटिंग वेगळं असतं. काही कॅमेऱ्यांना तर माइकच नसतो.

स्ट्रीम दिसत असेल तर कोडेकपुढे, म्हणजे आवाज साठवायच्या पद्धतीपुढे, बहुधा पीसीएम ए-लॉ किंवा म्यू-लॉ लिहिलेलं असेल. हा टेलिफोनच्या जमान्यातला जी.७११, आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने (सॅम्पल), ६४ किलोबिट. बरेच कॅमेरे आजही तोच पाठवतात, आणि एमपी४मध्ये तो सहसा बसत नाही. तुमचा आवाज तिथंच गळाला असणार. कन्व्हर्टच्या खिडकीत प्रोफाइल उघडा, एमकेव्ही (एमपी४सारखाच फाइलचा दुसरा प्रकार) निवडा आणि व्हिडिओ, ऑडिओ दोन्हीकडे 'कीप ओरिजिनल' वर टिक करा. एमपी४च हवी असेल तर फक्त आवाज एएसीमध्ये (एमपी४ला चालणाऱ्या कोडेकमध्ये) बदला, चित्राला हात लावू नका.

मी मात्र एमकेव्हीच घ्या म्हणेन. एमपी४ची अनुक्रमणिका साधारणपणे रेकॉर्डिंग थांबवल्यावर, शेवटी लिहिली जाते. मध्येच लाइट गेली की तासाभराची फाइल उघडतच नाही. एमकेव्ही लाइट जाईपर्यंतचं दाखवते. आपल्याकडे लाइटचा भरवसा किती ते तुम्हाला मी काय सांगू.

डीव्हीआर जरूर बसवा, पण आवाज तिथंही आपोआप येत नाही. पुष्कळ डीव्हीआरना कॅमेऱ्यांपेक्षा ऑडिओच्या पिना कमी असतात आणि माइकची वायर वेगळी ओढावी लागते. आणि फुकट म्हणजे हलकं, असं तर मुळीच नाही. व्हीएलसीचं काम १९९६ साली पॅरिसच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी सुरू केलं, २००१ पासून त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे. इतकी वर्षं जगभरची माणसं ते वापरतात आणि तपासतात, म्हणूनच मी ते बेधडक सुचवतो.

मागांचा मुद्दा मात्र अर्धा मान्य. ८००० नमुन्यांत ४००० हर्ट्‌झच्या वरचं काही येतच नाही, त्यात शेडमधला धडधडाट. तिथं माणसाचं बोलणं कळणार नाही, शेडमधला माइक बंदच ठेवा. पण गेटवर? गाठोडी टेम्पोत चढताना हमाल मोठ्यानं आकडा म्हणतो. पाठमोऱ्या माणसाआड गाठोडं झाकलं जातं, चित्रात मोजणी चुकते, आवाजात आकडा सलग ऐकू येतो. मालाच्या तक्रारीत नेमका तोच उपयोगी पडतो. जागाही फार लागत नाही : चित्र २ एमबीपीएसचं असेल तर तासाला ९०० एमबी, आवाज जेमतेम २९ एमबी.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, तरी सांगतोच. कामगार डबा खायला बसतात तिथला माइक बंद ठेवा. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सुप्रीम कोर्टानं २०१७ साली सांगितलंय. आणि कोर्टाचं सोडा, जेवताना चाललेल्या घरच्या गोष्टी मालकानं ऐकायच्या नसतात. गेटवर पाटी लावा, की इथं चित्रासोबत आवाजही रेकॉर्ड होतो. मराठीत लावा आणि तेलुगूतही, सगळ्यांना वाचता आली पाहिजे.

ऑडिओच्या स्ट्रीमपुढे काय लिहिलंय ते कळवा. ए-लॉ, म्यू-लॉ सोडून वेगळंच काही निघालं तर पुढचं तिथून बघू.