कॅम्पला पहिल्या दिवशी जो हजर, टीम त्याची

राजेहो, भारताच्या फुटबॉल टीमचा कॅम्प जाहीर झाला की आमच्या वणी-घुग्गुसकडच्या ग्रुपवर नावांवरून भांडण जुंपते. हा काहून नाही, तो काहून घेतला, आणि छेत्री होता तोवर, हा अजून किती दिवस. मीही त्यात तावातावानं असतो. पण ऑगस्ट २०२५ पासून माझं एक मत पक्कं झालं आहे, ते आज नीट मांडतो. टीम निवडायची ती कॅम्पमध्ये पहिल्या दिवसापासून घाम गाळणाऱ्या पोरांतूनच. मग खेळाडूचं नाव केवढंही असो, क्लब कोणताही असो.

तो ऑगस्ट आठवा. खालिद जमील कोच होऊन जेमतेम पंधरवडा झाला होता. बंगळूरूला कॅम्प लागला तेव्हा क्लबांची ड्युरँड कप स्पर्धा सुरू होती, म्हणून काही जण उशिरा पोचले. कोलकात्याच्या मोहन बागान क्लबनं तर आपले खेळाडू सोडलेच नाहीत. छेत्रीला कोचनं बोलावलंच नव्हतं. आमच्याकडं कपाशीच्या फवारण्या, पोळ्याची तयारी, आणि संध्याकाळी टपरीवर एकच बोलणं: "अर्धी टीम घेऊन हा मानूस ताजिकिस्तानात जाऊन करन काय?"

काफा नेशन्स कप, म्हणजे मध्य आशियातल्या देशांची स्पर्धा, तिथली पहिली मॅच २९ ऑगस्टला हिसोरमध्ये. त्यानं करून दाखवलं. ताजिकिस्तानला त्यांच्याच मैदानावर २-१! मोहम्मद उवैसची ती पहिलीच इंटरनॅशनल मॅच. पाचव्या मिनिटाला त्याचा लांबलचक थ्रो-इन थेट गोलसमोर आला आणि अन्वर अलीनं हेडर मारला. थोड्याच वेळात डिफेंडर संदेश झिंगनचा दुसरा गोल. सेकंड हाफमध्ये गोलकीपर गुरप्रीतनं पेनल्टी अडवली. पुढं इराणनं ३-० नं हरवलं, त्यात झिंगनचा जबडा मोडला. अफगाणिस्तानशी ०-०. आणि तिसऱ्या नंबरच्या मॅचला ओमानशी १-१ करून पेनल्टींवर जिंकलो. रँकिंगमध्ये १३३ व्या नंबरची टीम, बऱ्याच मोठ्या नावांशिवाय, आणि समोर ओमान. त्या रात्री आमच्या ग्रुपवर झोप कोणालाच नव्हती.

मला त्यातला उवैसचा थ्रो-इन सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. थोड्या दिवसांच्या कॅम्पमध्ये काय शिकवता येतं, ते त्यात दिसतं. दहा दिवसांत कोणी कोणाला ड्रिब्लिंग शिकवू शकत नाही. पण थ्रो कोण मारणार, पहिल्या पोस्टवर कोण धावणार, उडालेल्या बॉलवर कोण तुटून पडणार, बॉल गेला की डिफेन्सची ओळ किती मागं सरकणार, हे सगळं रोज तेच ते करून अंगात मुरवता येतं. त्यासाठी रोज तीच माणसं शेजारी लागतात. पेरणीच्या सकाळी नवा बैल जुवाला लावून सरळ तास निघत नाही, हे आमच्याकडं शाळकरी पोरालाही ठाऊक आहे.

जमील हा असल्या कामातला मुरलेला माणूस. २०१६-१७ ला त्यानं ऐझॉलसारख्या छोट्या क्लबला आय-लीग जिंकून दिली होती. हाताशी जे आहेत त्यांच्याकडून काम करून घेणं, हीच त्याची ताकद. आणि सावियो मेदेरांनंतर कितीतरी वर्षांनी आपल्याला आपलाच पूर्णवेळ कोच मिळाला, याचा मला मनापासून आनंद आहे.

आता दुसरी बाजू. आमच्या ग्रुपात गडचिरोलीतल्या मुलचेऱ्याकडचा एक दोस्त आहे. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांची तिकडं मोठी वस्ती आहे. घरी बंगाली, बाहेर आपल्यासारखीच बोली, आणि मोहन बागान म्हणजे जीव की प्राण. १९११ मध्ये इंग्रजांच्या ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या टीमला २-१ नं हरवून आयएफए शिल्ड जिंकली, ही गोष्ट त्यानं आजोबांच्या तोंडून ऐकलेली. तो म्हणाला, "पगार क्लब देते. कॅम्पात पोराचा गुडघा गेला त कोन भरून देईन?"

त्याचा मुद्दा खरा आहे, आणि त्यावर चिडून उपयोग नाही. फिफाचा नियमच तसा आहे. ठरलेल्या विंडोमध्ये, म्हणजे देशांच्या मॅचेससाठी राखलेल्या दिवसांत, क्लबला खेळाडू सोडावाच लागतो, विंडोच्या बाहेर तशी सक्ती नाही. देशाकडून खेळताना खेळाडू २८ दिवसांहून जास्त बाहेर बसला तर फिफा क्लबला भरपाई देते, पण तीही विंडोतल्या ड्युटीपुरती. बंगळूरूचा कॅम्प विंडोच्या आधी होता. म्हणजे क्लबनं नाही म्हटलं ते नियमात बसून म्हटलं.

पण नियमात बसतं म्हणून टीमचं नुकसान टळत नाही ना! ऑक्टोबरमध्ये सिंगापूरशी आशिया कपच्या पात्रतेच्या दोन मॅचेस होत्या, त्यांच्या कॅम्पलाही पोरं तुकड्या-तुकड्यानंच आली. सिंगापूरला ९० व्या मिनिटाला रहीम अलीनं १-१ करून दिली. मडगावला छांगतेनं गोल करून आघाडी दिली, आणि तरी १-२ हरलो. २०२७ चा आशिया कप गेला. मडगावला मध्यभागी जी मोकळी जागा पडत होती ती बघून मला राहून राहून वाटत होतं, हे अकरा जण एकत्र पुरेसे दिवस राबलेलेच नाहीत.

कोणी म्हणेल, जून २०२४ ला कुवेतच्या मॅचआधी भुवनेश्वरला चांगला लांब कॅम्प झाला होता, मग कोलकात्यात ०-० काहून? जून २०२५ च्या मॅचआधीही कोलकात्यात कॅम्प झाला, तरी हाँगकाँगमध्ये ०-१ हरलोच. बरोबर आहे. पण ते दोन्ही कॅम्प सीझन संपल्यावरचे. वर्षभर खेळून पाय जड झालेले, वर मे महिन्याचा उकाडा. शिवाय गोल करणं ही कॅम्पमध्ये पैदा होणारी गोष्ट नाही. आयएसएल या आपल्या लीगमध्ये बहुतेक क्लबांचा नऊ नंबर, म्हणजे गोल मारणारा मुख्य खेळाडू, परदेशी, आपला पोरगा बाजूला विंगवर नाहीतर बेंचवर. ते दुखणं लीगचं आहे, कॅम्पच्या माथी मारू नका. कॅम्पनं संघटित डिफेन्स, सेट पीस (थ्रो-इन, कॉर्नर, फ्री किक) आणि एकमेकांची सवय दिली तरी भरून पावलो.

म्हणून फेडरेशनला माझं सांगणं आहे. सीझनच्या आधीचा कॅम्प वर्षाच्या कॅलेंडरवर सगळ्यात आधी लिहा. ड्युरँड आणि क्लबांचा सराव त्याच्या मागंपुढं बसवा. विंडोबाहेरच्या दिवसांसाठी प्रत्येक खेळाडूचा विमा फेडरेशननं स्वतःच्या पैशानं काढावा आणि त्याची कागदं कॅम्पआधी क्लबच्या हातात द्यावी. एवढं करूनही ज्याला क्लब सोडणार नाही, त्याच्या जागी दुसरा बोलवा आणि त्या स्पर्धेपुरती ती जागा त्याचीच ठेवा. उशिरा आलेल्या स्टारसाठी दोन आठवडे राबलेल्या पोराला बेंचवर बसवू नका. गावोगावी धुळीच्या मैदानावर खेळणारी पोरं हे बघत असतात.

मुलचेऱ्याच्या दोस्ताला विम्याचं पटलं. शेवटचं अजून पटलेलं नाही. तो म्हणतो, चांगला खेळाडू उशिरा आला म्हणून वाईट होतो का? त्यावर काल रात्री बारा वाजेपर्यंत आमचं चाललं होतं. तुम्ही कोणाच्या बाजूनं, ते खाली लिहा.