लेट-ऑफने बाणावरचा जोर कमी होत नाही

साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे 2023 साली बर्लिनला तिरंदाजीत कंपाउंडमध्ये (टोकांना चाकं असलेल्या धनुष्याच्या प्रकारात) जगज्जेते झाले, तेव्हापासून आमच्या बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यातली पोरंही कंपाउंड मागू लागलीत. त्याचा आनंदच आहे. पण त्यासोबत पालकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्यातली चार वाक्यं अशी: स्पाइनचा आकडा (बाणाचा कडकपणा सांगणारा, त्यावर छापलेला) मोठा तेवढा बाण कडक. धनुष्याचे पाउंड (ते ताणायला लागणारा जोर) जुळले की बाणाची लांबी आणि टोक बघायची गरज नाही. 80 टक्के लेट-ऑफ (पूर्ण ताणल्यावर हातावरचा कमी होणारा भार) असला की 60 पाउंडाचं धनुष्य 12 पाउंडांचंच उरतं, म्हणून मऊ बाण चालतो. आणि रिलीजने (बोटांऐवजी दोरी सोडायच्या खटक्याने) सोडलेला बाण वाकतच नाही. चारही चूक आहेत. तिसरं तर हात जायबंदी करणारं आहे.

आकड्याचं नेमकं उलटं आहे. 28 इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर शाफ्ट, म्हणजे बाणाची दांडी, ठेवायचा, मधोमध 880 ग्रॅम वजन टांगायचं आणि तो किती लवतो ते मोजायचं. अर्धा इंच लवला तर स्पाइन 500, 0.34 इंच लवला तर 340. म्हणजे आकडा लहान तो कडक. खानापूरच्या एका पोराच्या बाणांवरचा छापा पुसला होता. आम्ही पडवीत दोन स्टुलं 71 सेंटिमीटरवर मांडली, दोरीसकट पाण्याची बाटली काट्यावर 880 ग्रॅम भरेपर्यंत भरली आणि मधोमध टांगली. पट्टीवर लवण साडेबारा मिलिमीटरच्या आसपास आली. बाण 500 चे होते. घरच्यांनी ते '400 पेक्षा कडक' समजून घेतले होते, आणि धनुष्य होतं 55 पाउंडांवर. पोरगं सांगत होतं, "सर, बाण शेपटी हलवत जाऊलाय."

लांबी तर आमच्या भागात कुणालाही कळेल. उसाचं वीतभर कांडं गुडघ्यावर मोडताना घाम फुटतो, अख्खा ऊस मात्र हातात धरला तरी लवतो. तसंच 50 पाउंडांच्या धनुष्याला 26 इंची बाण असेल तर बाण निवडायचा तक्ता साधारण 500 स्पाइनच्या आसपास नेतो, 30 इंची असेल तर 400 च्या आसपास. टोक जड केलं की बाण आणखी मऊ वागतो, कारण मागून दोरी ढकलते आणि पुढचं वजन हलायला वेळ घेतं.

आता लेट-ऑफ. तो पूर्ण ताणल्यावर नेम धरणाऱ्या हाताला मिळणारा आराम आहे. दोरी सुटली की कॅम (धनुष्याच्या टोकावरचं चाक) उलटा फिरतो आणि ताणताना आपण ज्या 60 पाउंडांच्या शिखरावरून गेलो, त्याच शिखराचा जोर बाणाच्या पाठीत बसतो. तिथे 12 पाउंडांचा काही संबंध नाही. त्यात फार मऊ कार्बन बाण असला, किंवा त्याला आधीच तडा असला, तर तो सुटतानाच फुटू शकतो आणि त्याच्या चिरफळ्या पुढच्या हातात घुसू शकतात. म्हणून दर फेरीनंतर बाण कानाशी धरून हलका वाकवून बघा. करकर ऐकू आली की तो बाजूला काढा, दुसऱ्या कुणालाही देऊ नका.

रिलीजबद्दल थोडं खरं आहे. बोटांनी सोडताना दोरी आडवी सरकते, म्हणून बाण डावी-उजवीकडे जास्त वाकतो. रिलीजने ते कमी होतं, पण मागून बसणाऱ्या धक्क्याने बाण वाकतोच, मुख्यतः वर-खाली. तक्त्यातल्या दोन घरांच्या मधे अडकलात तर कंपाउंडला कडक बाजूचं घर घ्या, एवढं मीही सांगतो.

त्या खानापूरच्या पोराला नवे बाण घ्यायला लावले नाहीत. दोन्ही लिंब बोल्ट (धनुष्याचा जोर कमी-जास्त करायचे स्क्रू) सारखेच मोजून सैल केले आणि धनुष्य तक्त्यात बसेल इतकं, 45 च्या आसपास, खाली आणलं. बाण 29 इंची आणि ड्रॉ (दोरी ताणायची लांबी) 27 चा, म्हणून बाण एक इंच कापले. पूर्ण ताणल्यावरही टोक रेस्टच्या (बाण टेकवायच्या आधाराच्या) पुढेच राहतं हे आधी बघून घेतलं. शेपटी हलायची थांबली.